बॉनेटवरच्या डागाबद्दल खुलासा

नागपूर

तीर्थस्वरूप श्रीधरभाऊजी,

नमस्कार. (‘साष्टांग नमस्कार’ लिहिणार होतो, पण गुडघ्यामुळे गेले सहा महिने मला साष्टांग घालता आलेला नाही, आणि जे अंगाने जमत नाही ते कागदावर तरी करू नये असं वाटलं.) तुमची आणि सुरुचीताईची प्रकृती उत्तम असेल, मेलबर्नची थंडी ताईच्या सांध्यांना फार जाणवली नसेल आणि तुमच्या सहवासात नातवाचं मराठी सुधारलं असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. हाच ‘ठीक’ शब्द मी फोनवर तुमच्या गाडीबद्दलही तीनदा वापरला. डायरी काढून पाहिली. एकदा तुमच्या वडिलांच्या, म्हणजे नानाजींच्या तिथीच्या संध्याकाळी, एकदा घटस्थापनेला आणि एकदा परवा. त्यातला पहिला ‘ठीक’ निम्मा खरा होता. पुढच्या दोहोंबद्दल मी काही म्हणत नाही. कोणी ‘जेवलात का’ विचारलं की उपाशी माणूसही जसा ‘हो’ म्हणून जातो, तसं माझं फोनवर होतं. म्हणून हे पत्र. दिवाळीनंतर तुम्ही परत याल तेव्हा बॉनेटवरचा डाग पाहून तुम्हाला एकदम धक्का बसू नये, बसायचाच तर तो क्रमाक्रमाने बसावा, एवढाच हेतू.

एप्रिलमध्ये गाडी माझ्या अंगणात लावून जाताना तुम्ही मला अकरा कलमांचं सूचनापत्र दिलंत, तेही लॅमिनेट करून. (मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरकडून मी तरी याहून कमी अपेक्षा केली नव्हती. भैरवी मात्र म्हणाली की आपली सप्तपदीसुद्धा सातात आटोपली होती.) ते तेव्हापासून फ्रिजच्या दारावर आहे आणि थंड पाणी घेताना मी ते वाचतो. कलम चार: ‘गाडीवर पक्षी बसू देऊ नये.’ कलम पाच: ‘शीट पडल्यास अर्ध्या तासाच्या आत ओलं फडकं ठेवावं, मऊ झाल्यावर अलगद उचलावी, घासू नये.’ (वडीलधाऱ्या माणसाला लिहिताना ‘विष्ठा’ म्हणावं का, यावर मी बराच विचार केला. पण तुम्हीच ‘शीट’ लिहिलं आहे, तेव्हा मूळ दस्तऐवजाला धरून चालतो.) कलम नऊकडे नंतर येतो.

आता मे महिन्यात नागपुरात गाडी उन्हात ठेवणं म्हणजे ती तव्यावर ठेवणं. सावली हवी, तर आमच्या अंगणात ती एका कडुलिंबाचीच, आणि कडुलिंबावर मालकी कावळ्यांची. तुम्ही दिलेलं कव्हर पहिल्याच वादळात उडून शेजारच्यांच्या कूलरवर जाऊन बसलं. मग मी, उन्हाळ्यात आपण सगळेच अंगणावर बांधतो ती हिरवी जाळी, गाडीवर बांधली. कावळे जाळीवर बसू लागले आणि शीट गाळून खाली येऊ लागली. जुन्या सीड्या दोरीला टांगून पाहिल्या. त्यांचा चकचकाट पाहायला कावळे नातेवाईक घेऊन आले. शेवटी मी काठीला लाल टॉवेल बांधला आणि सकाळी सहा ते साडेआठ, पुन्हा कॉलेजच्या लायब्ररीतून आल्यावर अंधार पडेपर्यंत, खुर्ची टाकून स्वतः बसलो. जुलैच्या मध्यापर्यंत कावळे यायचे पूर्ण थांबले. (डायरीत त्या तारखेला ‘यश’ असा एकच शब्द आहे. आज वाचताना तो जरा उद्धट वाटतो.) तेव्हा तुमच्या रंगावर एक ठिपका नव्हता.

आणि पितृपक्ष आला.

तुम्ही फोनवर म्हणालात ते मला पटलं होतं, की तर्पण तुम्ही तिकडे कराल, पण तिकडच्या कावळ्यांना वरणभाताची ओळख नसणार, तेव्हा नानाजींचं पान तेवढं सुमंतने नागपूरच्या गच्चीवर ठेवावं. भैरवीने खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, सगळं साग्रसंगीत केलं. बाराला पान ठेवलं. एक वाजला. आभाळ उघडं होतं, ऊन मे महिन्यासारखं होतं, आणि आमच्या झाडावर, शेजाऱ्यांच्या झाडावर, विजेच्या तारांवर, नजर पोचेल तिथवर एक कावळा नव्हता. कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही, हे आलंच. नानाजींना त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत सांभाळणाऱ्या रुखमाबाई हल्ली आमच्याकडे कामाला येतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या जिन्यात बसून होत्या. म्हणाल्या, “इतके दिवस त्याले काठी दाखवली, आता वडे दाखवून राहिले. त्याले काही इज्जत नाही का जी?”

मग, रीत आहे त्याप्रमाणे, नानाजींची काय इच्छा राहिली असेल याचे अंदाज सुरू झाले. भैरवीने ताईची काळजी घेऊ असं सांगितलं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर आलात, मी फोन आभाळाकडे धरला आणि तुम्ही दोन्ही घरांत सलोखा राहील असं वचन दिलंत, तेही तुम्हाला आठवत असेल. (नानाजींना सलोख्याची चिंता कधी होती, हे मला स्मरत नाही. पण ती विचारायची वेळ नव्हती.) नातवाला पोहायला न्यायचं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतरचं तुम्हाला सांगितलेलं नाही.

रुखमाबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, “नानाजीले गाडीत समोर बसाचं होतं. काच खाली करून. सावनेरच्या पुढं, आपल्या वावरापर्यंत. मले रोज सांगत.” मी विचारलं, मग कधी बोलले का नाहीत? “बोलले जी. साहेब म्हणे रस्ता धुळीचा हाय, बाभळी हायेत, रंग जाते. मंग नानाजी मांगंच बसत, खाली टॉवेल टाकून.” भाऊजी, हे मी चहाडी म्हणून लिहीत नाही. तो टॉवेल मीही पाहिला होता आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. सीट नवीन होती.

पान खाली नेऊन गाडीवरच ठेवा, पहिले तो तिथंच यायचा, ही सूचनाही रुखमाबाईंचीच. कलम चारचा भंग मी स्वतःच्या हाताने, बॉनेटवर आधी स्वच्छ पंचा अंथरून केला. कावळा चेहरा विसरत नाही असं त्या म्हणाल्या, म्हणून मला घरात पाठवण्यात आलं आणि मी खिडकीच्या जाळीआडून वचन दिलं, की नानाजी, तुम्हाला पुढे बसवून वावरापर्यंत नेऊ. दोन मिनिटांत कावळा आला. आधी वडा खाल्ला. मग वायपरवर बसून, मान वाकडी करून, काचेतून पुढच्या सीटकडे बराच वेळ पाहिलं. आणि मग पंचा सोडून, नेमकं बॉनेटच्या उघड्या भागावर, कलम पाचचा विषय करून उडून गेला.

मी ओलं फडकं घेऊन धावलो आणि उभा राहिलो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्ही जाणताच. पण दोन मिनिटांपूर्वी ज्याला मी ‘नानाजी’ म्हणून हाक मारली, त्याचंच हे, आता लगेच पुसायचं? विश्वास नसेल तर हाक मारली ती खोटी. असेल तर फडकं मारणं बरं दिसत नाही. सगळे जेवायला बसले. मी उन्हात चाळीस मिनिटं उभा होतो. (अर्धा तास उलटल्यावर कलम पाच लागू आहे की नाही, हा एक वेगळाच प्रश्न होता.) शेवटी भैरवीने येऊन फडकं माझ्या हातातून घेतलं आणि अलगद उचलून टाकलं. घासलं नाही. खाली रुपयाएवढा फिकट डाग उरला होता. तो आहे. त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

सौ. ताईस नमस्कार. नातवास आशीर्वाद.

तुमचा
सुमंत

ता. क. – पॉलिशवाल्याला डाग दाखवला. तो म्हणतो अर्ध्या तासात जाईल, दिसणारही नाही. तेव्हा वरच्या पत्राची तशी गरज नव्हती.

ता. क. २ – कलम नऊ राहिलं: ‘गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊ नये.’ माझा कावळ्यावर विश्वास नसला तरी दिलेल्या शब्दावर आहे. पुढच्याच रविवारी तुमच्या घरून (किल्ली माझ्याकडे आहेच) नानाजींचा मोठा फोटो आणला, पुढच्या सीटवर ठेवला, वळणावर पडू नये म्हणून पट्टा लावला आणि काच खाली केली. रुखमाबाई मागे बसल्या. सावनेरपर्यंत सगळं उत्तम होतं. पुढे वावराच्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला आणि मला डावीकडे बाभळीत शिरावं लागलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत तीन ओरखडे आहेत, बरेचसे समांतर. पॉलिशवाल्याने ते पाहून डब्याचं झाकण परत लावलं. वावरात सोयाबीन चांगलं आलं आहे. बांधावर आम्ही दहा मिनिटं थांबलो.

ता. क. ३ – त्या रविवारपासून कडुलिंबावर कावळे पूर्वीसारखे भरलेले असतात, मी काठी केव्हाच ठेवून दिली आहे, पण गाडीवर एकही बसलेला नाही. कलम चार पाळलं जात आहे.

ता. क. ४ – तुम्हाला विमानतळावर घ्यायला मी तुमचीच गाडी आणीन. फोटो अजून पुढच्या सीटवरच आहे. काढायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा नुसती फोटोची काच पुसून आलो. तुम्ही आणि ताई मागे बसाल का? खाली टॉवेल टाकून ठेवतो.