सुतकातले दोन सोमवार

सोमवार, ७ एप्रिल

आलं: इंजेक्शनची पेनं ४ (महिन्याची), २,१२० रु. आणून देण्याचे ४०. स्पिरिट ३५. कापूस घरात होता. बेल १०, पांढरी फुलं २०, गूळ अर्धा किलो ३५.

सोळा सोमवारांतला पहिला आज, इंजेक्शनही पहिलंच. डॉक्टरांनी विचारलं होतं, आठवड्यातून एकदा, वार कुठला धरणार? मी म्हटलं सोमवार. उपास असतो, विसरणं शक्यच नाही. संध्याकाळी पूजा, कहाणी, चुरम्याचा नैवेद्य, उपास सोडायचा आणि पोटात अन्न गेल्यावर इं. घ्यायचं. पेनं बेलाच्या पिशवीशेजारीच ठेवली, फ्रीजच्या खालच्या खणात. बेल काढला की हाताला पेन लागणारच.

पोटाला चिमटा काढून पेन टेकवलं. अंगठ्याने दाबवेना, तळहाताने दाबलं. मुंगी चावल्यासारखं वाटलं, बस. उगाच आठ दिवस धास्ती घेतली.

सो. १. इं. १.

मंगळवार, ८ एप्रिल

दिवसभर मळमळ. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. ह्यांना मुगाची खिचडी केली, "मी काय पाप केलंय" म्हणाले. कंपनीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण जीभ अजून कँटीनच्या वेळेला वळवळते.

सोमवार, २८ एप्रिल

सो. ४. इं. ४. सकाळी बोटं अर्ध्या तासात सुटली. पूर्वी दहा वाजायचे. आज कणीक मी मळली. ह्यांनी पोळ्या मोजून पाच खाल्ल्या.

आक्काला पत्र टाकलं. तिला फोनवर ऐकू येत नाही, मुरुडला पत्रच जातं. आम्हा दोघी बहिणींना हाच संधिवात, तिला माझ्या आधी सहा वर्षं. तिला आठवड्याच्या गोळ्या होत्या. मळमळतं म्हणून एक सोडली, मग दोन विसरली, मग सगळ्याच सुटल्या. गेल्या दिवाळीत पाहिली तेव्हा उजव्या हाताची बोटं करंगळीकडे वळलेली. पोह्यांची बशी दोन्ही मनगटांत धरून देत होती मला. ते काही मनातून जात नाही. मला तिथवर जायचं नाही. म्हणून इं.

सोमवार, १२ मे

सो. ६. इं. ६. पेनं उरली २.

रविवार, १८ मे

रोह्याहून फोन. ह्यांचे चुलत भाऊ सकाळी गेले. आजारी होतेच. दहा दिवस सुतक. देवघराचा पडदा ओढला. हे दुपारच्या गाडीने गेले.

सो. ७ आता सुतक फिटल्यावर. मधले दोन सोमवार धरत नाहीत, पुढे तेवढे वाढवायचे.

शुक्रवार, २३ मे

सुतक असलं की दिवसाला धरायला कोपराच राहत नाही. दिवा नाही, फुलवाला नाही, कुठला वार तेही कळत नाही. हे अजून रोह्यालाच, दहावं करून येणार. एकटीसाठी काय करायचं, भात टाकते.

बुधवार, २८ मे

सुतक फिटलं. घर धुतलं, देव उजळले. हात फार दुखले. गोडं तेल लावून निजले.

शनिवार, ३१ मे

सकाळी मूठ वळली नाही. अकरापर्यंत नाही. घर धुतल्याचं असेल. हवा पण कोंदट आहे.

सोमवार, २ जून

आलं: पेनं ४, पूर्वीच्याच भावाने. बेल १०.

बेल काढायला खालचा खण उघडला तर पेनं दोन. आधी वाटलं आजच आलेल्यातली. ती तर टेबलावर, पिशवीत. मग वही काढली. ५ मेला चार आली. ५ ला एक, १२ ला एक. १९? २६? दोन्ही जागा कोऱ्या.

सुतकात औषध चालत नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नव्हतं. सोमवार धरायचा नाही म्हटल्यावर सोमवारचं सगळंच गेलं त्याच्याबरोबर. बेल नाही, तर खण उघडला नाही. खण उघडला नाही, तर पेन दिसलं नाही.

हे म्हणाले, "दूधवाल्याचा मार्चमधला खाडा तुला जूनमध्ये आठवतो. आणि हे नाही?"

तुम्हाला आठवलं? विचारलं मी. तर म्हणे मी रोह्याला होतो. रोह्याला आठवण न्यायला बंदी आहे का.

चुकलेले सोमवार पुढे वाढवतात तसं मनात आलं, आज दोन घ्यावीत, पुढच्या सोमवारी दोन, हिशेब पुरा. पण दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलीने डॉक्टरांना विचारून सांगितलं, "काकू, अजिबात नाही. एकच. गेलेलं गेलं. ह्यात भरपाई नसते." आणि असं स्वतःच्या मनाने कधीच करायचं नाही, रक्तावर परिणाम होतो, असं दोनदा बजावलं. फोन केला नसता तर?

सो. ७. इं. ७. आकडे जुळले. पण कसे जुळले ते मलाच माहीत.

सोमवार, ९ जून

सो. ८. दुपारी दवाखाना. सूज परत आलेली. रक्ताचा रिपोर्टही मागे गेलाय. डॉक्टरांनी माझी बोटं एकेक दाबून पाहिली. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, अजून बोटं सरळ आहेत, हीच वेळ आहे, एकदा वळली की औषधाने सरळ होत नाहीत. पुढचे तीन महिने एकही चुकता कामा नये. नाहीतर दवाखान्यात झोपवून सलाइनमधून द्यायचं औषध आहे, ते फार महाग.

मग वार कुठला ते विचारलं. सोमवार का, सांगितलं. सुतकाचंही सांगितलं. हसले. "देव सुट्टीवर गेले की तुमचं औषधही सुट्टीवर. असा वार घ्या, ज्याला देवाचं काही काम नाही."

आमच्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी पाहुणे. राहिला बुधवार. बुधवारी आमच्याकडे फक्त मासे. डॉक्टर म्हणाले चालेल, परवापासून बुधवार, नाश्त्यानंतर.

बुधवार, ११ जून

हिराबाई आली, सारसोळ्याची कोळीण. बारा वर्षं दर बुधवारी अकराला पाटी घेऊन दारात बसते. आता मोठी मासळी बंद, खाडीची कोळंबी आणि बोय होती. माझी बोटं बघून म्हणाली, "हे काय फुगलंय?" सांगितलं सगळं. सुतकाचंही. ती म्हणाली, आता मीच इचारनार. पाटीच खाली ठेवनार नाय, आधी सुई.

तिच्यासमोरच घेतलं. तिने तोंड फिरवलं. रोज माशांची पोटं फाडते आणि सुई बघवत नाही.

इं. ८. ह्यांनी पण आपल्या मोबाईलवर दर बुधवारी दहाचा गजर लावलाय. वाजवा म्हटलं.

बुधवार, १८ जून

गजर दहाला वाजला. तेव्हा हे बागेत मंडळींबरोबर. बंद केला आणि राजकारण पुढे चालू. बाराला आले. घरी येऊन गजराचं नावही नाही. हिराबाईने विचारलं म्हणून. इं. ९.

ह्यांना म्हटलं, गजर कुणासाठी लावलाय? तर म्हणे, "मला आठवण झाली होती. तुला असेलच असं वाटलं."

बुधवार, २ जुलै

इं. ११. बोटं बरी. हिराबाईने जाताना दोन खेकडे जास्त टाकले, "सुईचं बक्षीस." मी पैसे दिले, तिने घेतले पण.

बुधवार, ९ जुलै

उद्या गुरुपौर्णिमा. दिवसभर ओट्यापाशी. खीर, वड्यांची डाळ वाटली. हात ठीक. हिराबाई येऊन गेली.

शुक्रवार, ११ जुलै

फ्रीजमधल्या डब्यात एक पेन. असायला हवं शून्य.

परवाचं आठवते. डाळ वाटत होते. दारात हिराबाई, बाजूला समोरच्या फ्लॅटमधली बाई कोळंबी निवडतेय. तिच्यापुढे हिराबाईने मोठ्याने विचारलं, "टोचलंस का?" लाज वाटली. जगाला कशाला कळायला हवं. म्हटलं, हो, घेतलं. मनात होतं, डाळ झाली की घेते. पण एकदा हो म्हटलं आणि ते झालंच. नंतर डोक्यात आलंच नाही. ह्यांनी दुपारी विचारलं तेव्हाही हो म्हटलं. आणि खोटं बोलत नव्हते मी. मला खरंच घेतल्यासारखं वाटत होतं.

देवासमोर उभी राहून रडले. पंचावन्न वर्षांची बाई. सगळ्या घराचं लक्षात ठेवते. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, गॅसचा नंबर, मेंटेनन्सची तारीख, कुणाचं श्राद्ध कधी. माझं म्हणून एक काम आठवड्याचं, ते माझ्याच्याने होत नाही.

दवाखान्यात फोन. तीच मुलगी. दोनच दिवस झालेत, आज घ्या, पुढचं बुधवारीच, म्हणाली. मग हळूच म्हणाली, "काकू, कुणी घरात नाही का विचारायला?"

आहेत ना, म्हटलं.

इं. १२.

सोमवार, १४ जुलै

सो. १३. चुरमा ह्यांनी कुटला. शुक्रवारचं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. आज म्हणाले, मी विचारलं तेव्हा पेन दाखव म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, दाखव म्हटलं असतंत तर मी भांडले असते. म्हणाले, "भांडली असतीस. पण पेन घेऊन भांडली असतीस."

बुधवार, १६ जुलै

आलं: पेनं ४. आणि आक्काचं कार्ड.

इं. १३. हिराबाईला रिकामं पेन दाखवलं, न विचारता. तिला गेल्या बुधवारचं सांगितलं. मग बोय निवडत म्हणाली, "मना फसवून काय मिळालं तुला? हात तुझंच."

कार्ड सुलभाच्या अक्षरात, आक्काच्या शेजारणीच्या. आजवर कधी असं झालं नाही. मजकूर सगळा तिचा आहे, फणस किती लागले, पाऊस किती. खाली सही म्हणून तिने स्वतः हात चालवलाय. "अ" आहे. त्याला काना आहे. पुढे नुसती रेघ, कार्डाच्या कडेपर्यंत गेलेली.

पाटीवर "श्री" काढायला मला तिने शिकवलं होतं. हात धरून.

गुरुवार, १७ जुलै

कार्ड देवापुढे ठेवलंय. हे म्हणाले, डब्यावर ठेव पेनांच्या. तिथे ठेवलं.

बुधवार, २३ जुलै

इं. १४. कोळंबी शेवटची. परवा श्रावण.

हिराबाईने पाटी उचलली, मग परत टेकवली. "आता मी यायची नाय. सरावन लागतंय, मग गनपती. गौरी-गनपती गेल्यावर येन." आणि माझ्याकडे बघून, "तवर तुला कोन इचारील?"

लक्षातच आलं नव्हतं. देव नको म्हणून बुधवार धरला. तर श्रावणात बुधवारही देवाने घेतला. आणि सुतक काय, पुन्हा कधीही येईल, भावकी मोठी. ज्या खुंटीला अडकवते ती खुंटी कुणीतरी काढून नेतं.

हे म्हणाले, मी विचारेन, पेन बघितल्याशिवाय जेवणार नाही. बघू. उपासाच्या दिवशी सोपं असतं ते, बुधवारचं कठीण.

संध्याकाळी पोस्टात जाऊन दहा कार्डं आणली. हे बघत होते. इतकी कशाला, म्हणाले. दहाही कार्डांवर आपला पत्ता घालायला बसले, एकेक. सहाव्याला बोटं आखडली, थांबले. उरलेले चार ह्यांनी घातले. अक्षर गचाळ, पण पोचेल.

आक्काला पत्र लिहिलं ते इथे उतरून ठेवते.

ती. आक्कास नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. सही बघितली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी माझी सुई तीनदा चुकवली. दोनदा सुतकात, एकदा खोटं बोलून. आता बुधवार धरला आहे, पण श्रावणात मला विचारणारी येत नाही. म्हणून सोबत दहा कार्डं पाठवते आहे, पत्ता घातलेली. दर शुक्रवारी एक पेटीत टाकायचं. बुधवारपर्यंत पोचेल, आणि नाही पोचलं तर नाही का पोचलं म्हणून तरी मला बुधवार आठवेल. त्यात काही लिहायला नको. "घेतलंस का" एवढंही नको. एक अक्षर पुरे. पण ते तुझ्या हातचं हवं, सुलभाला देऊ नको. रेघ आली तरी चालेल, मला वाचता येते.

आणि कार्ड टाकायला जाशील त्या दिवशी तुझ्या गोळ्यांचं अलिबागच्या डॉक्टरांना परत विचार. वळलेलं वळलं, पण डावा हात अजून सरळ आहे, दिवाळीत मी पाहिलाय. तू माझं विचार, मी तुझं विचारीन. दोघींचा वार एकच ठेवू.

माझे दोन सोमवार राहिलेत. उद्यापनाचं मागून लिहिते.

कार्डं मिळाली का, आणि बुधवार तुला चालतो का, ते परतीच्या टपालाने कळव. पहिलं कार्ड त्यासाठीच वापर.

तुझी,
धाकटी