शेवंतीचा अंधार

प्रिय चिमणे,

परवा तू सोसायटीच्या चार माणसांना घेऊन आलीस, तेव्हा मी शेडमध्ये फुलांचे रिकामे क्रेट धूत होते. माझे हात चिखलाचे होते म्हणून, नाहीतर तू गळ्यातच पडली असतीस. इतक्या गोड आवाजात तू मला 'ताई' म्हटल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, हे शेत म्हणजे आपल्या सगळ्यांचा श्वास आहे गं. बिल्डर तुझ्याकडे चकरा मारतोय असं ऐकलं. तू काही विकणार नाहीस, एवढं दोन ओळींत लिहून दे. मी सभेत वाचून दाखवते." म्हणून लिहायला बसले आहे. दोन ओळींत मात्र भागणार नाही. मला तोंड उघडायला वेळ लागतो आणि एकदा उघडलं की मिटायलाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुमची काळजी रास्त आहे. आणखी दोन टॉवर झाले तर एवढ्या घरांना पाणी कुठून आणणार, रस्ता आत्ताच तुंबतो, सांडपाणी शेवटी उतारावरच येणार. तुमच्यातला तो दातांचा डॉक्टर किती पोटतिडकीने बोलत होता! ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय. तुम्ही गेल्यावर लक्षात आलं की ते माझंच भाषण होतं. तुमचा टॉवर व्हायच्या आधी सुनावणीला मी हेच सगळं बोलले होते. पाणी प्यायला मी थांबले तेवढ्यात तू उभी राहिलीस. "माझी बहीण जरा भावनेच्या भरात बोलते. तिला शेतापलीकडे जग नाही," म्हणालीस. लोक हसले. बाबांनी रस्त्याकडचा अर्धा तुकडा तुला दिला होता, तो विकायचा तुला हक्क होता. त्याबद्दल मी तेव्हाही चकार शब्द काढला नाही. पण लोकांबरोबर तूही हसलीस, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

मग तुला नवव्या मजल्यावरचं घर मिळालं. मला आवर्जून बोलावलंस, चप्पल बाहेर काढायला लावलीस आणि तडक बाल्कनीत नेलंस. खाली माझं सगळं शेत पसरलं होतं, अगदी पाण्याच्या टाकीपर्यंत. पाहुण्यांना तू सांगत होतीस, "समोरचं सगळं आमचंच." मीही तेव्हा कौतुकाने मान डोलावली. खोटं कशाला बोलू, वरून शेत खरंच देखणं दिसत होतं.

त्यानंतर तुमच्या कंपाउंडच्या भिंतीवर ते दिवे लागले. शेताकडे तोंड केलेले, रात्रभर जळणारे. पहिल्या वर्षी मला कळेचना काय होतंय. शेवंती गुडघ्याच्या वर गेली, पानं लसलशीत, आणि कळी म्हणून नाही. खत बदललं, पाणी तोडलं, रोपवाटिकेच्या मालकाशी कडाकडा भांडले. आणि एक दिवस तुझा फोन, "यंदा शेत काय हिरवंगार दिसतंय गं! सगळे विचारतात, तुमची ताई असं काय घालते?" तू बाल्कनीतून काढलेला फोटोही पाठवलास. फोटोत माझं बुडालेलं पीक खरोखर फार सुंदर आलं होतं.

बाकीच्यांना मी दोष देत नाही. त्यांनी शेवंती बघितलेली ती फुलवाल्याच्या बादलीतली. पण तू? दिवस लहान झाले की बाबा अंगणातला दिवा काढून कपाटात ठेवायचे, आठवतं? शेवंतीला कळी धरायची तर लांब आणि सलग काळोख लागतो, मध्ये उजेड पडला की ती नुसती वाढत बसते. ते आठवडे आपण घरातसुद्धा पडदे ओढून जेवायचो. तुला अंधाराची भयंकर भीती. मागच्या दारी जायचं असलं की मला उठवायचीस आणि माझी करंगळी इतकी घट्ट धरायचीस की परत येईपर्यंत ती बधिर व्हायची. मी कधी सोडवून घेतली नाही. शेवंतीला अंधार का लागतो, हे जगात तीनच माणसांना माझ्याइतकं ठाऊक होतं. त्यातले आई-बाबा गेले.

म्हणून मी तुमच्या कमिटीकडे आले होते. तू अध्यक्ष होतीस, बरं वाटलं होतं मला. तुमचा वायरमनसुद्धा म्हणाला, सोपं काम आहे, दिव्यांना वरून पत्र्याच्या झाकण्या बसवू, उजेड खाली आवारात पडेल, शेतात जाणार नाही. तू त्याला गप्प केलंस. कोऱ्या चेहऱ्याने मला म्हणालीस, "आम्हाला रहिवाशांच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. तुम्ही दुसरं एखादं पीक घेऊन बघा ना." चिमणे, तू मला 'तुम्ही' म्हणालीस. मी लिफ्टने खाली आले, फाटकाशी तुमच्या वॉचमनने वहीत माझी जाण्याची वेळ लिहून घेतली, आणि मी घरी येऊन खुरपं घेतलं. रडूही आलं नाही. आजही त्या दिव्यांवर झाकण्या नाहीत. परवा श्वासाच्या गप्पा मारताना तुझी नजर तीनदा त्या उंच, हिरव्या, वांझ वाफ्यांवरून फिरली आणि तू म्हणालीस, "किती शांत वाटतं इथे."

तर तुला हवं ते उत्तर. मी शेत विकलं. तू यायच्या आदल्या आठवड्यातच सह्या झाल्या, परवा तुमचं सगळं ऐकून घेतलं ते निव्वळ मजा म्हणून. सही करून आले तेव्हा मात्र शेडमध्ये बसून ढसाढसा रडले, तेही तुला कळू दे. बिल्डरशी भावात घासाघीस केली नाही. एकच गोष्ट मागितली आणि कागदावर घेतली. पहिला टॉवर तुझ्या बाल्कनीसमोर उभा राहील, नियमाने सोडावं लागतं तेवढंच अंतर सोडून, आणि तुझ्याकडे त्याची जिन्याची बाजू येईल. वरपासून खालपर्यंत सपाट भिंत, एक खिडकी नाही. नकाशा काढणाऱ्या मुलीने विचारलं, हीच बाजू का? मी म्हटलं, समोर माझी धाकटी बहीण राहते. तिला वाटलं, तुझ्या घरात कुणी डोकावू नये म्हणून मी जपते आहे. तिचे डोळे पाणावले, आणि मी तिला तसंच वाटू दिलं. हे पत्र सभेत मोठ्याने वाच, आवाज छान आहे तुझा. पुढच्या वर्षीपासून तुला भर दुपारीही घरात दिवे लावावे लागतील. आणि कधी दिवे गेलेच, तर मला हाक मारू नकोस. मी फार लांब राहायला जाते आहे, आणि करंगळी बरोबर नेते आहे.

तुझीच,
ताई