वंशाचा माणूस

लिहून ठेवणार : ताईबाई रुपचंद भदाणे, वय ७४, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार चाळीसगाव, जि. जळगाव.

मी, वर नाव लिहिलेली ताईबाई, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र करीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या अंगठ्याचा कागद कोणी काढून दाखवला तर तो खोटा समजावा. मला सही येते. आमच्या भाऊबंदांच्या हे पन्नास वर्षांत लक्षात आलेले नाही.

वकील प्रशील यांचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात मिळकत लिहावी, राग लिहू नये. मी त्यांना सांगितले की रागसुद्धा माझा स्वकष्टार्जितच आहे.

१. माझे पती रुपचंद १९९१ साली काविळीने वारले. आम्हाला एकच अपत्य, मुलगी मेघा. ती चाळीसगावातच रोपवाटिका चालवते. माझी वारस तीच. पतीचे थोरले भाऊ देवचंद आणि त्यांचा मुलगा प्रेमराज धुळे तालुक्यात राहतात व स्वतःला माझ्या घरचे म्हणवतात. त्यांचा समाचार कलम ४ मध्ये घेतला आहे.

२. चाळीसगावचे राहते घर, तीन खोल्या, ओटा आणि मागचा कडुनिंब, मेघाला द्यावे. पहूरला नोकरीत असताना माझ्या पगारातून मी ते बांधले. त्यात सासरच्या वंशाची एक वीट नाही. बँकेतील ठेव आणि सोन्याची पोतही मेघालाच.

३. बाळंतपणाची पेटी, म्हणजे कात्री, चिमटे आणि बाळ तोलायचा काटा, केसरबाईला द्यावी. ती माझ्याबरोबर दाई म्हणून राबली. आम्ही दोघींनी मिळून हजारावर बाळंतपणे केली. एकाही बाळाच्या अंगावर घराणे लिहिलेले दिसले नाही. सगळी सारखीच चिकट, सारखीच रडकी. त्यातलेच एक प्रेमराज. १९८० च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सासरी गेले होते. घरात पितरांच्या घागरी भरणे चालू होते आणि आतल्या खोलीत जाऊबाई अडल्या. पोर निळे पडून आले, नाळ मानेला गुंडाळलेली. बाहेर पुरुषमंडळी मेलेल्या पूर्वजांना सांजोऱ्या वाढत होती, आत मी जिवंत पोराच्या तोंडातला चिकटा बोटाने काढत होते. रडला एकदाचा. मग भाटाने त्याचे नाव चोपड्यात लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. मला कोणी चहा विचारला नाही.

हा भाट तीन-चार वर्षांनी एकदा येतो आणि आमच्या घराण्याच्या पिढ्या वाचतो. त्याच्या मते आमचे पूर्वज मेवाडातून घोड्यावर बसून आले. आले असतील. मी लग्न होऊन गेले तेव्हा गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि त्यातली एक भाकड होती. मेघाच्या जन्मानंतर मी त्याला पोरीचे नाव लिहायला सांगितले. तो म्हणाला, “अक्का, लेकीसनं नाव चोपडामा नही लिखतस.” त्याला मी सुपाने धान्य घातले आणि परत पाठवला. या मृत्युपत्राने त्याला काही मिळू नये. घोडा त्याच्याकडे आहेच.

४. आता मुख्य गोष्ट. २००२ साली मेघाला धुळ्याच्या शेतकी महाविद्यालयात जागा लागली. जातीच्या पडताळणीला वडिलांकडची वंशावळ लागते, म्हणून मी देवचंदभाऊंकडे सहीला गेले. ते सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, आधी तलाठ्याकडे बघून या. गेले. तिथे मला देवचंदभाऊंनीच सासरे वारल्यावर शपथेवर लिहून दिलेली वंशावळ दिसली. सासऱ्यांना दोन मुलगे. एक देवचंद, हयात. दुसरा रुपचंद, आणि त्याच्या नावापुढे दोन शब्द : अविवाहित मयत.

सोळा वर्षे मी त्या माणसाशी संसार केला. आजारपणात त्याच्या तोंडात पेज घातली. त्याच्या पोरीची फी भरली. आणि त्याच्या सख्ख्या भावाने चार बिघे कोरडवाहू जमिनीसाठी मला आणि माझ्या लेकीला दोन शब्दांत पुसून टाकले. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. दोघेही माझ्या लग्नात जेवून गेले होते.

भाऊंनी सही दिली नाही, पडताळणी अडली, मेघाची जागा गेली. पोर म्हणाली, “आई, त्यांच्या दारात परत जाऊ नकोस.” म्हणून मी भांडले नाही. पण त्या कागदाची शिक्क्याची नक्कल घेतली आणि माझ्या कपड्यांच्या पेटीत सर्वांत खाली ठेवली. तेवीस वर्षे ती तिथेच आहे.

गेल्या आखाजीनंतर प्रेमराज पेढे घेऊन माझ्या दारात आला. कुलदेवीच्या मंदिरात भदाण्यांची वंशावळ संगमरवरावर कोरून लावली म्हणे, आणि यादीत मोठ्या मनाने माझेही नाव घातले. मेघाचे नाही. माझ्या घरापुढचा रस्ता रुंद झाला, भाव चढले, हे त्याला धुळ्यात बसून समजले होते. पेढ्याखालून बक्षीसपत्राचा कागद निघाला. म्हणाला, “काकू, लेक परका घरनी शे. अग्निडागले वंशना माणूसच लागस.” मी केसरबाईसमोर त्याला विचारले, “तू मना कोन शे रे?” तो हसला. “पुतण्या शे ना, काकू.”

मला एवढेच हवे होते. पेढे कोंबड्यांना घातले.

मेघा भिडस्त आहे. माझे प्रेत दारात असताना कोणी रडून कागद पुढे केला, तर ती सही करून मोकळी होईल. हे मृत्युपत्र मी त्यासाठीच केले आहे. मेघा, सही करायची नाही. त्याला ती नक्कल दाखवायची. तो माझा पुतण्या असेल, तर त्याच्या बापाची शपथ खोटी, आणि रुपचंदच्या वाट्याची जमीन तुझी. बापाची शपथ खरी असेल, तर रुपचंदला बायको नव्हती, आणि प्रेमराज माझा कोणी नाही. मग त्याने माझ्या तिरडीला हात लावायचे कारण नाही. दोन्हीपैकी एक काय ते त्याने चारचौघांत सांगावे. सांगितले की केसरबाईने ते लक्षात ठेवावे. त्या जमिनीतील माझा जो हक्क असेल तो मी मेघाला देते. दावा लावायचा की नाही हे तिने ठरवावे.

सदर नकलेची एक प्रत काचेच्या फ्रेममध्ये घालून देवचंदभाऊंना द्यावी. घराण्याचे एवढे वेड असलेल्या माणसाच्या भिंतीवर घराण्याचा एक अस्सल कागद असू द्यावा.

५. मला अग्निडाग मेघा देईल. मडके तीच धरेल. कोणी आडवे आले तर त्याला सांगावे की ज्या पोराचा पहिला श्वास मी माझ्या बोटाने मोकळा केला, त्याच्या हातून मला शेवटचा विधी नको. पिंडाला कावळा शिवला नाही तर मंडळींनी खोळंबू नये, घरी जाऊन जेवावे. पुढे दर आखाजीला मेघाने दोन घागरी भराव्यात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवावे, एक रुपचंदच्या नावाने, एक माझ्या. भाटाला बोलावू नये. मंदिरातल्या दगडावरून माझे नाव काढून टाकावे. खर्च माझ्या ठेवीतून करावा.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील प्रशील यांनी करावी. त्यांनी हा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला आणि चार ठिकाणी सौम्य करायला सांगितले. मी केले नाही.

सर्व मजकूर मला मान्य आहे. साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

ठिकाण : चाळीसगाव
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. डॉ. चारुलता दीपक महाजन, चाळीसगाव (सही)
२. भटू उखर्डू चौधरी, शेजारी, चाळीसगाव (सही)

लिहून ठेवणार :
(सही) ताईबाई रुपचंद भदाणे
अविवाहित मयत रुपचंद यांची पत्नी