पाटी तीच, शाळा दुसरी

३ सप्टेंबर, बुधवार

पाटी अगदी तीच! ‘खाजगी पूर्वतयारी शाळा.’ तिकडे, आधीच्या देशात, आमच्या लेकीच्या, भुंगीच्या, शाळेच्या फाटकावर हेच शब्द होते. तेवढ्या भरवशावर आमच्या इंजिनिअरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिकडे बसूनच इथला फॉर्म भरून टाकला. नाव तेच म्हणजे माल तोच, असं त्याचं गणित.

आत गेल्यावर मी विचारलं, मैदान कुठे आहे? कारकूनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दवाखान्यात झोपाळा मागितला.

तिकडे पूर्वतयारी म्हणजे आठ ते तेरा वर्षांची पोरं, चिखलाने भरलेले बूट, सशांचं खुराडं, थोडं पाठांतर, आणि तेराव्या वर्षी सावकाश मोठ्या शाळेत जाणं. इथे पूर्वतयारी म्हणजे एकाच परीक्षेची तयारी. अकराव्या वर्षी ती द्यायची. बाराशे मुलं बसतात, मोठी शाळा नव्वद घेते. भुंगी नऊ वर्षांची. हातात दोन वर्षं आहेत. कारकूनबाई म्हणाल्या, उशिराच आलात.

८ सप्टेंबर, सोमवार

इथे मार्कांप्रमाणे बसवतात. दर सोमवारी जागा बदलते. एकतीस बाकं. भुंगी सत्ताविसाव्यावर. ती खुशीत सांगत होती, ‘आई, तुला माहीत आहे, मागून झाडं दिसतात!’

११ सप्टेंबर, गुरुवार

वहीत लाल शाईचा शेरा – ‘मुलगी वर्गात गुणगुणते. इतरांचं लक्ष जातं.’ अहो, तिचं नावच त्यावरून पडलंय!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दातांच्या लॅबमधून दोन तास सुट्टी काढून मुख्याध्यापिकांना भेटले. हाताला कवळ्यांच्या प्लास्टरचा वास येत होता, म्हणून हात पर्सखाली लपवून बसले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण बाई चांगल्या निघाल्या. तीच तर पंचाईत! वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मी म्हटलं, नऊ वर्षांच्या मुलांना नंबराने कसलं बसवता? त्यांनी शांतपणे समजावलं. मोठ्या शाळेत गेलं नाही तर इथे पुढचे सगळे रस्ते बंद. डॉक्टर नाही, वकील नाही, तुमच्या यजमानांसारखं काही नाही. आज बाकाचं वाईट वाटतं, अकराव्या वर्षी यादीत नाव नसेल त्याचं काय? मग म्हणाल्या, ‘नव्वद मुलं घेतात. माझी मुलगी एक्क्याण्णवावी होती.’

चहा पिऊन आले.

२२ सप्टेंबर, सोमवार

बाक एकोणतिसावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सरकारी शाळेच्या कचेरीत गेले होते. वर्षाच्या मध्ये प्रवेश नाही. पुढच्या जूनमध्ये अर्ज करा, मग यादीत नंबर लागेल. म्हटलं, तोवर मुलीला घरी ठेवलं तर? खिडकीतल्या माणसाने समजावलं, कायद्याने ठेवता येत नाही. चौकशीला लोक येतील, आणि परक्या देशातून आलेल्यांच्या घरी जरा लवकरच येतील. त्याने हे धमकी म्हणून सांगितलं नाही. काळजीनेच सांगितलं.

इंजिनिअरचा करार दोन वर्षांचा. मोडून परत जावं म्हटलं, तर तिकडची नोकरी आता दुसऱ्याला दिलेली आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घर शांत वाटतंय. दोन दिवस विचार करत होते, काय बंद पडलंय? फ्रिज चालू होता, पंखा चालू होता. आज भाजी चिरताना लक्षात आलं. भुंगी गुणगुणत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

तिच्या गणिताच्या पुस्तकात, मधल्या घडीत, बारीक काळं काहीतरी. मला वाटलं पेन्सिलीचं शिसं. बोटावर घेतलं. केस होते. तिच्या भुवयांचे.

डाव्या भुवईचा शेवटचा टोकाकडचा भाग जवळजवळ नाहीच. दिवसभर मी परक्यांच्या दातांचा रंग उजेडाकडे धरून बघते, एका छटेचा फरक मला कळतो. आणि पोटच्या पोरीची भुवई दिसली नाही!

तिला रागावले नाही. नुसतं विचारलं, उपटताना दुखत नाही का? म्हणाली, ‘दुखतं. मग आकडे नीट दिसतात.’

३० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्याला अशा तीन-चार मुली येतात. मलम दिलं. शाळा बदलता आली तर बदला. नाही तर परीक्षेपर्यंत धीर धरा, बहुतेकींचं नंतर थांबतं. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं आणखी.

९ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. माझी थोरली बहीण अजून तिकडेच आहे, परिचारिका. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘माझ्याकडे पाठव तिला.’ शाळा तीच, वर्गबाई त्याच. फक्त ताईला दवाखान्यात दिवस-रात्रीच्या पाळ्या असतात, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार शाळेच्याच वसतिगृहात राहायचं, शनिवार-रविवार मावशीकडे. तिकडे आठ वर्षांची मुलंसुद्धा राहतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. खरंच आहे. त्या मुलांच्या पेट्या मी दर सोमवारी जिन्यात पाहायचे. कुणाची असतील बिचारी, एवढंच मनात यायचं.

फोन ठेवला आणि ताईचाच राग आला. का, ते सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इंजिनिअरशी बोलले. वाटलं होतं नाही म्हणेल, चिडेल, मग मलाही चिडता येईल. तो बराच वेळ बुटांची लेस सोडत बसला. म्हणाला, ‘फॉर्म मी भरला होता. आता तू म्हणशील तसं.’

झालं. म्हणजे आता सगळं माझ्यावर.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं! नऊ वर्षांचं लेकरू आईपासून तोडून वसतिगृहात? इथे असं कुणी करत नाही हो. कितीही अभ्यास असो, आमची मुलं जेवायला आईच्या समोर असतात.

तिकडचे लोक म्हणतील, नऊ वर्षांच्या मुलीला नंबराने बसवता? काळीज आहे की नाही? इथले म्हणतात, तिला दूर पाठवता? काळीज आहे की नाही? दोन्हीकडे काळीज माझंच तपासतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

भुंगीला विचारलं. आईबाबा नसतील, हेही स्पष्ट सांगितलं. तिने विचारलं, ‘तिथे नंबराने बसवत नाहीत ना?’ नाही म्हटलं. ‘मग जाते.’

आमच्याबद्दल काही विचारलं नाही. मी ओट्याशी गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

१५ डिसेंबर, सोमवार

बाक तिसावं. आता कुणी काही म्हणत नाही, जाणारच आहे म्हणून. उजवी भुवईही सुरू झाली आहे. मनात होतं, जरा सुधारली तर बेत रद्द करू. नाही सुधारली.

४ जानेवारी, रविवार

विमानतळावर तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवली. विमान कंपनीची एक मुलगी हात धरून घेऊन गेली. इंजिनिअर हात हलवत राहिला. भुंगी वळून बघेल, असं वाटत होतं. तिच्यापुढे सरकता जिना होता, तिला तो पहिल्यापासून आवडतो.

५ जानेवारी, सोमवार

लॅबला गेले. अकरा कवळ्या.

२१ जानेवारी, बुधवार

बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटं फोन, वसतिगृहाच्या बाईंच्या खोलीतून. तिने जेवणात काय होतं ते सांगितलं. खोलीत सहा मुली. हिची खाट दाराजवळ. मी एवढे प्रश्न विचारले की दहा मिनिटं माझ्याच बोलण्यात गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताईने फोटो पाठवला. भुवया आल्या आहेत! मोठा करून, अगदी दातासारखा उजेडाकडे धरून पाहिला. दोन्ही आल्या आहेत. ताई म्हणते, आंघोळ करताना गुणगुणतेसुद्धा.

इंजिनिअरला फोटो दाखवला. तो म्हणाला, बघ, बरोबर केलंस. दोघंही रडलो. बरोबर केलं. बरोबरच केलं ना!

११ मार्च, बुधवार

आजचा फोन. भुंगीने विचारलं, ‘तुम्ही जेवलात का?’ मला वाटलं, आम्हा दोघांना विचारते आहे. म्हटलं, मी जेवले, बाबा अजून कामावरून यायचे आहेत.

‘बाबा नाही,’ ती म्हणाली. ‘आई, तुम्हालाच विचारतेय.’