पखवाजाची कणीक

११ मार्च १९७३, रविवार. राणीसावरगाव.
दुपारचे दोन. दवाखान्यात शुकशुकाट. दुष्काळामुळे सगळी जनावरं चारा-छावणीत गेली, आमची गायही तिकडेच. जनावरांच्या दवाखान्यात जनावरच नसेल तर कंपाउंडरने करायचं काय? खुर्ची, भिंत आणि मी. बदली होत नाही. नोकरी सोडता येत नाही.

तेव्हा ठरवलं. वडिलांचा पखवाज माळ्यावरून काढायचा. कमल अकरा वर्षांची झाली, मुंजा आठ. या वयात मी वडिलांच्या शेजारी बसून ठेका ऐकायचो आणि जगात दुसरं काही हवंसं वाटत नव्हतं. ते सुख लेकरांना मिळालं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर घरात कोणीतरी माझं वाजवणं बसून ऐकावं, एवढीच इच्छा आहे. भजनी मंडळात मला झांजा देतात. कारण हेवा.

टाइमटेबल: रोज संध्याकाळी पाच ते सहा. सुट्टी नाही.

१२ मार्च, सोमवार
पोरं पाच मिनिटांत पळाली. मुंजा म्हणाला, पाय दुखायलाय. कमल म्हणाली, पाणी आणायला जायचंय. विहीर आटली आहे, हे तिला ठाऊक आहे.

दोष माझा नाही, कणकेचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला गव्हाची ओली कणीक थापल्याशिवाय आवाजाला खोली येत नाही. घरात गहू नाही, रेशनवर नुसता लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी. मिलोचंच पीठ मळून लावलं. दोन थापांत भुगा होऊन मांडीवर. बायको नर्मदा म्हणाली, भाकर थापताना धड एका जागी ऱ्हाईना, त्ये ढोलकाला काय चिटकतंय. तिला कलेतलं कळत नाही, पण मुद्दा बरोबर होता.

१५ मार्च, गुरुवार
आबासाहेबांकडे गेलो. भजनी मंडळाचे प्रमुख. मारुतीच्या देवळाचा कारभार त्यांच्याकडे, आणि कणगीत अजून गहू असलेला गावात हा एकच माणूस. पखवाजासाठी गहू मागितला. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं की हनुमान जयंतीला माझी पोरं देवळात वाजवतील. आबासाहेबांनी पायलीभर गहू दिला. म्हणाले, कंपाउंडर, ह्यो मारुतीच्या नावाचा हाय, पखवाजालाच लागला पाह्यजे. आवाज देवळापोत्तर येतोय, आमी रोज ऐकूत.

जयंती १७ एप्रिलला. भरपूर वेळ आहे.

१६ मार्च, शुक्रवार
नर्मदेने गहू पाहिला आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग कशासाठी आहे ते सांगितलं. हसू गेलं. म्हणाली, लेकरायनं दिवाळीपासून पोळी बघितली न्हाई अन् तुमी ढोलकाला जेवू घालायलाव. मी म्हणालो, देवाला शब्द दिला आहे. ती चुलीकडे तोंड करून बसली. संध्याकाळपर्यंत तशीच.

१९ मार्च, सोमवार
चमत्कार! पोरं पाचच्या आधीच हजर. कणीक कमलने मळली. तासभर दोघं हलली नाहीत, नजर पखवाजाच्या डाव्या तोंडावर खिळलेली. इतकी एकाग्रता मोठ्या माणसांतही पाहिली नाही. संपल्यावर मुंजाने कणीक नखाने खरवडून काढली, कातडं लख्ख केलं. वाद्याबद्दलचा हा आदर शिकवून येत नाही, रक्तात असावा लागतो.

काढलेल्या कणकेचं काय करता, विचारलं. कमल म्हणाली, गाईला घालतोत. आमची गाय छावणीत आहे. असेल दुसऱ्या कोणाची तरी. संगीताने भूतदया येते, हे वडील म्हणायचेच.

२३ मार्च, शुक्रवार
मुंजा म्हणाला, बापू, गोळा लय बारका होयलाय, मोठा लावा, आवाज घुमंना. आठव्या वर्षी हा कान! गोळा दुप्पट केला. कमलने कणकेत स्वतःहून मीठ घातलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, चांगली चिटकती. संशोधक वृत्ती.

२८ मार्च, बुधवार
कमलने गूळ घातला. आवाजात फरक नाही. पखवाजाला मुंग्या. गूळ बंद केला तर पोरं फार हळहळली. कलावंत असेच हळवे असतात.

शेजारच्या सरजाबाईची नातवंडं शिकायला येऊन बसली. त्यांच्या मागून गल्लीतली आणखी. घरात गुरुकुलच झालं आहे. कोणी पखवाजाला हात लावायचा हट्ट करत नाही, शांत बसून राहतात. सगळ्यांची मागणी एकच, कणीक रोज ताजी पाहिजे. दर्जाबाबत तडजोड नाही. प्रॅक्टिस संपली की सगळी एकदम दवाखान्याच्या मागे पळतात. आपापसांत चर्चा करत असणार.

४ एप्रिल, बुधवार. पाडवा.
सकाळी नर्मदेने विचारलं, सणापुरतं तरी चार पोळ्यांचं पीठ घेऊ का. नाही म्हणालो. मला काही हौस आहे का? मारुतीच्या नावाचा गहू पोटात गेला आणि जयंतीला पोरं वाजवू शकली नाहीत, तर आबासाहेब या गावात मला तोंड वर करू देणार नाहीत. गाव केवढं! जाणार कुठे? त्यांचा गडी आश्रुबा रोज सहाला डोकावून जातो. परवा मला ताप होता, जरा लवकर थांबलो, तर हा दारात. म्हणाला, मालकानं इचारलंय, आवाज कामून बंद पडला. तापात परत वाजवायला बसलो.

सणाला मिलोची भाकरी आणि गूळ. मुंजाने भाकरी बाजूला सारली आणि म्हणाला, बापू, आज सण हाय, आज दुपारीच बसायचं का वाजवायला? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगा सणासुदीला पोळी मागत नाही, पखवाज मागतो. नर्मदेकडे अभिमानाने पाहिलं. ती उठून आत गेली.

९ एप्रिल, सोमवार
एक बारीकशी अडचण. पोरांना ठेका येत नाही. म्हणजे येतो, पण घाई फार. धा धा दिं ता एवढं झालं की उडी थेट शेवटावर. मी सावकाश वाजवायला लागलो की सगळी एकमेकांकडे बघतात. द्रुत लयीचं अंग दिसतं. नव्या पिढीचं आहे, अडवू नये.

गहू झपाट्याने संपतो आहे. पुढच्या वर्षी मुंजाला परभणीला रेडिओवर न्यायचं, हे नक्की.

१५ एप्रिल, रविवार
आबासाहेबांना सहज सुचवलं, या वर्षी पोरांऐवजी मीच वाजवतो. ते म्हणाले, कंपाउंडर, तुमी झांजाच धरा.

आता सुटका नाही. जेवताना नर्मदेला म्हणालो, पोरं चुकली तर? ती म्हणाली, लेकरं न्हाई चुकायची, चुकायलाव तुमी. अर्थ कळला नाही. विचारायचा धीर झाला नाही.

१७ एप्रिल, मंगळवार. हनुमान जयंती.
लिहू नये असं वाटतं. पण डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन.

देऊळ गच्च भरलेलं. मुंजा पखवाजावर, कमलच्या हातात झांजा, बाकी शिष्यमंडळी मागे रांगेत. गोळा आजवरचा सगळ्यात मोठा. मुंजाने दोन आवर्तनं कशीबशी वाजवली आणि तिसरं अर्ध्यात असतानाच शेवटची तिहाई ठोकून मोकळा. लोक अजून नीट बसतही होते. मला वाटलं, घाबरला. तर तो सगळ्यांसमोर कणीक खरवडायला लागला. कमलने झांजा खाली ठेवून पळसाचं पान पुढे धरलं. मागची रांग उठून उभी राहिली.

आबासाहेबांनी विचारलं, कुठं निघालाव रे? मुंजा म्हणाला, भाजायला. काय भाजायला? मुंजाने पान वर करून दाखवलं. म्हणाला, ही कणीक. गव्हाची हाय. रोज दवाखान्याच्या मागं इस्तवावर भाजतोत अन् वाटून खातोत. लय ग्वाड लागती.

दोघं-तिघं हसले. मग कोणी हसेना. सरजाबाई म्हणाली, जा लेकरायनो, माझ्या चुलीत इस्तू हाय. सगळी पोरं तिच्या मागे गेली. देवळाच्या मधोमध मी आणि पखवाज राहिलो.

आबासाहेब म्हणाले, उरलेला गहू घरीच ठिवा कंपाउंडर, खाऊ घाला त्येंला. हे चार लोकांत म्हणायची गरज नव्हती.

पोरांची लाज वाटली नाही. लाज माझीच वाटली. महिनाभर ती समोर बसली होती आणि मला वाटत होतं, माझं ऐकतायत. फार वाईट वाटलं.

१८ एप्रिल, बुधवार
संगीत बंद. कायमचं. उरलेलं पीठ नर्मदेकडे देऊन पोळ्या कर म्हणालो. तिने डबा तिरपा करून तळ दाखवला. म्हणाली, ह्येच्यात दोन गोळे व्हतील, पोळ्या कशाच्या.

मुंजाला जवळ घेतलं. खरं सांग, पखवाज जरासुद्धा आवडला नाही? त्याने बराच विचार केला. म्हणाला, आवडतोय की. पण तुमी वाजवायला लागलाव की लय टाइम लागतोय.

कमलने एक गोळा चपटा करून निखाऱ्यावर टाकला. चार तुकडे केले, एक माझ्यापुढे ठेवला. मी कधीपासून मिलोच खातो आहे, हे तुकडा तोंडात घातल्यावर आठवलं. वरून करपलेला, आतून मऊ, मीठ बेताचं. डोळे मिटून खाल्ला. नर्मदा बघत होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसराही गोळा भाज म्हणालो. कमलने तो हाताखाली झाकला. मुंजा म्हणाला, असं न्हाई बापू, त्यो भाजायचा तर आदी वाजवावं लागतंय.

पखवाज ओढला. कणीक लावली. वाजवलं.

मुंजापेक्षा लवकर संपवलं.