अप्पांचा ट्रान्सफॉर्मर

अप्पा,

भाकरी अन् शेंगाची चटणी झाकून ठेवलीय. आज तुमच्या नातीच्या, शुभांगीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाला येऊ नका.

लकव्यातनं उठून तुम्ही एका हातानं वेढे मारलेला ट्रान्सफॉर्मर कधी चाललाच न्हाय. तार आत तुटलीय. दिवाळीत एलईडी लागले ते मी त्याच्या खोक्यात गुपचूप सेल बसवला होता म्हणून. तुम्ही रडलात, गल्लीभर पेढे वाटलेत, तवा गप बसलो. आता तेच खोकं मास्तरांपुढं उघडणार म्हणता. चारचौघांत माझी शोभा नको.

शुभांगीला सांगितलंय. ती लई हसली. प्रदर्शनाच्या चार्टवरचं तुमचं नाव तिनंच खोडलं.

बाहेरून कडी लावलीय. हाका मारू नका, सगळी गल्ली शाळेतच असणाराय.

नंदीश