वरून गरम, खालून गार

रविवार, २६ ऑक्टोबर
हिवाळ्यासाठी सगळ्या देशाबरोबर घड्याळं तासभर मागे केली. आता हीटिंग लावायला हरकत नाही. त्याआधी लावणारे लोक कमकुवत मनाचे, हे माझं जुनं मत. शेजारच्या एन्ट्विसलबाईंनी सप्टेंबरातच लावलं. मी त्यांच्या खिडकीकडे फक्त जरा जास्त वेळ पाहिलं.

बॉयलर लगेच पेटला. बॉयलरचं गरम पाणी ज्यांतून फिरतं ते भिंतीवरचे सातही रेडिएटर वरून हात लावून तपासले. सगळे झकास. मग नेहमीप्रमाणे चावी लावून प्रत्येकातली हवा काढली. दाबाचा काटा उतरला, म्हणून बॉयलरखालचा नळ उघडून ताजं पाणी भरलं. हे माझं दर रविवारचं काम, गेली तीन वर्षं. माझी बायको ग्लेनिस आजारी होती त्या तिच्या शेवटच्या हिवाळ्यातही एकही रविवार चुकला नाही. टॉडमॉर्डनच्या ग्रंथालयात घरदुरुस्तीचं कपाट बावीस वर्षं माझ्या ताब्यात होतं, ते उगाच नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर. सकाळी ६.४०
हीटिंग सुरू होताच मागच्या खोलीतून ठोके. दोन, मग थांबून एक.
लोखंड तापलं की प्रसरण पावतं. शाळेत शिकवतात.

मंगळवार, २८ ऑक्टोबर
पुन्हा तेच. दोन, मग एक. ग्लेनिस तसंच वाजवायची. मागच्या खोलीत पलंग रेडिएटरला लागून होता, चमच्याने ठोकायची, आवाज नळातून थेट स्वयंपाकघरात. मी लगेच चहा घेऊन वर. एकदाही उशीर केला नाही.
आज रेडिएटर बघायला वर गेलो. जातोच आहे तर चहा घेऊन गेलो. दोन कप झाले होते. हाताची सवय.

रविवार, ९ नोव्हेंबर
बेथनचा फोन. बाळ आता सहा आठवड्यांचं. नाताळला येणार का विचारलं, तर म्हणाली, बाबा, खरं सांग, घर तापतं का? मागच्या वर्षी आईच्या खोलीत मी कोट घालून बसले होते. मी म्हटलं, तुला पहिल्यापासून थंडी जास्त. ती म्हणाली, लीड्सला सासूबाईंकडे जमिनीखालून हीटिंग आहे, मोजे लागत नाहीत. मी म्हटलं, जमिनीखालून लावणारे लोक कमकुवत मनाचे. ती हसली नाही. म्हणाली, बाळाला थंडीत ठेवणार नाही मी, वीस डिसेंबरपर्यंत सांग, नाहीतर आम्ही तिकडेच.

संकल्प: घर लीड्सपेक्षा गरम करणे. स्वतः करणे.

शनिवार, १५ नोव्हेंबर
मागच्या खोलीतला रेडिएटर काढून बागेत धुवायचा ठरवला. वीस मिनिटांचं काम.

त्याच दिवशी, दुपारी
आत एवढं पाणी असतं हे पुस्तकात ठळक लिहायला हवं. पाणी नव्हतंच ते. काळा, दाट गाळ, शाईत बुडवलेल्या चिखलासारखा. ग्लेनिसने हौसेने निवडलेल्या फिकट गालिच्यावर. आईस्क्रीमचा रिकामा डबा खाली ठेवला होता, तो किती लहान असतो ते कळलं.
डागावर चटई टाकली. चटईने खोलीला शोभा आली आहे.
रेडिएटर बागेपर्यंत नेलाच नाही. कंबर. होता तसाच परत बसवला.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ६.४०
ठोके नाहीत. कानोसा घेत बसलो. आठपर्यंत.
हवा काढली, ताजं पाणी भरलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
ठोके आले. दोन, मग एक. बरं वाटलं. म्हणजे यंत्रणा शाबूत आहे म्हणून.

बुधवार, २६ नोव्हेंबर
एन्ट्विसलबाईंनी मला न विचारता त्यांची प्लंबर पाठवली. जॅनिस बूथरॉइड. चाळिशीची, गुडघ्यांना जाड पट्ट्या. दारातच म्हणाली, लेन, तुम्ही घरात टोपी घालून आहात. मी म्हटलं, फॅशन.
नळांना नुसता कान लावला आणि म्हणाली, गाळाने गच्च आहे, सगळं धुऊन काढावं लागेल, उद्याच येते. मी म्हटलं, उद्या जमणार नाही. परवा? परवाही नाही. काय आहे एवढं? म्हटलं, कामं आहेत. तिने टेबलाकडे पाहिलं. तिथे अर्धं शब्दकोडं होतं.
मग सहज विचारलं की धुतल्यावर ते ठोके राहतात का. म्हणाली, ठोके? गाळामुळेच आहेत ते, पार जातील.
मी कळवतो म्हटलं.

रविवार, ७ डिसेंबर
कळवलं नाही. घाईघाईने निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. चहा वर नेला. खोलीत श्वासाची वाफ दिसते, पण रेडिएटर वरून गरमच आहे. तिलाही मी हेच सांगायचो. ती म्हणायची, लेन, गार आहे रे हा. मी हात लावून दाखवायचो, बघ, चटका बसतो. मग ती गप्प बसायची. पटायचं तिला.

शनिवार, १३ डिसेंबर
बेथनचा फोन. म्हणाली, आठवडा राहिला, बाबा. मागे बाळ रडत होतं. बारीक आवाज, मांजरासारखा.
जॅनिसला कळवलं.

गुरुवार, १८ डिसेंबर
जॅनिस आली. पंप लावण्याआधी वाडग्यात थोडं काळं पाणी घेतलं, फ्रिजवरचं चुंबक त्यात बुडवलं. लॅन्डुडनोच्या समुद्रकिनाऱ्यावरून ग्लेनिसने आणलेलं. बाहेर काढलं तर त्याला केसाळ काळी लव फुटलेली. म्हणाली, हा गंज. तुमचे रेडिएटर आतून विरघळतायत. वर राहतात गरम, गाळ बसतो खाली, खालचा भाग गार. ताजं पाणी फार भरता का?
मी अभिमानाने सांगितलं, दर रविवारी, तीन वर्षं, न चुकता.
ती हसायला लागली. म्हणाली, लेन, ताज्या पाण्यातून हवा जाते, हवेने गंज होतो. तुम्हीच शिजवलात की हा रस्सा. मग माझ्याकडे पाहून थांबली आणि म्हणाली, चहा मिळेल का?
दोन कप केले. यावेळी दोन लागत होते.

संध्याकाळी जाताना तिने मागच्या खोलीतल्या रेडिएटरमागे सापडलेला चमचा दिला. आणि म्हणाली, खालच्या कडेचा रंग उडालाय, कुणीतरी ठोकून ठोकून टवके काढलेत, जमलं तर रंगवून घ्या.

शुक्रवार, १९ डिसेंबर. सकाळी ६.४०
ठोके नाहीत. घर गरम. स्वेटर काढला. टोपी काढली. बेथनला फोन केला, ये म्हटलं.

टवके खाली असणारच. ती आडवी असायची. हात तिथेच पोचत असणार.

शनिवार, २० डिसेंबर
बेथनसाठी मागच्या खोलीतला पलंग लावला. चादर घातली. मग, गादी बसते का बघावी म्हणून, क्षणभर आडवा झालो. भिंतीकडे तोंड करून. हातात चमचा होता.
पडल्या पडल्या हात वरच्या कडेला लागतो. सहज. खालच्या, गार राहणाऱ्या कडेला नेण्यासाठी कुशीवर वळावं लागतं, पलंगाच्या फटीतून खांदा खाली सोडावा लागतो. माझ्या बऱ्या खांद्यालाही ते जड गेलं.
ती चहासाठी वाजवत नव्हती.

रविवार, २१ डिसेंबर
बेथन म्हणाली, बाबा, खोली काय मस्त तापलीय. बाळ उघड्या पायांनी झोपलंय.
गुडघ्यावर बसून रेडिएटर खालून चार वेळा तपासला. गरम आहे.
आज हवा काढायची नाही. चावी कुठे ठेवावी ते सुचत नाही.